सरूबाईची चौकशी

“बाई, तुमच्या घरची चौकशी केली आम्ही. नाय जमणार,” एवढंच बोलून कारभारीनं फोन ठेवला, आणि सरूबाईच्या मनात पहिला संशय आला तो पुतळाबाईचा.

साहजिकच होतं. पुतळाबाई शेजारीण, भिंतीला भिंत लागून. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत पाण्याच्या पाळीवरून दोघींची जुंपली नाही असा एक उन्हाळा गेला नव्हता. शिवाय पुतळाबाईच्या तोंडाला कडी-कुलूप नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक. चौकशीला आलेल्या माणसानं पहिलं दार कोणाचं ठोठावलं असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

कारभारी नावाचा हा गडी वाळूजचा ठेकेदार. तिथल्या कंपन्यांमधल्या बायकांची कामाची पाळी संध्याकाळी-रात्री सुटली की त्यांना घरोघर सोडणाऱ्या गाड्या त्याच्या. अलीकडं त्याला या गाड्यांवर बायकाच चालक हव्या होत्या. सरूबाई त्याच्याकडं गेली तेव्हा तो स्वतः तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “चला, नगर नाक्यापर्यंत जाऊन येऊ.” ट्रक, टँकर, ऊस भरलेले ट्रॅक्टर, मधूनच आडव्या घुसणाऱ्या मोटारसायकली, सगळ्यांतून तिनं गाडी नेली आणि आणली. उतरताना तो म्हणाला, “बाई, हात चांगला हाय. आता फक्त घरची चौकशी. मागं दोन बायका ठेवल्या होत्या. एकीच्या नवऱ्यानं गेटवर येऊन गाडी अडवली, दुसरी पाव्हण्यारावळ्यांच्या बोलण्याला भिऊन बसली. गाडी चालवणं सोपं हाय, घर मागं ओढत असताना गाडी चालवणं अवघड.”

तेव्हा सरूबाई मनात म्हणाली होती, झालंच म्हणायचं काम. माझ्या घरात कोण ओढतंय मला?

या कामावर तिचा जीव का जडला होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, एक नाही तर दुसरं काम. लग्नाच्या आधी आणि नंतरही काही वर्षं ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होती. पितळेचे सुटे भाग तपासायचे, खोट असलेले बाजूला काढायचे. पोरगी झाली, मग पोरगा झाला, पोराची छाती सारखी भरायची. “वर्षभर घरी थांब, मग जा,” असं काकासाहेब, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला. त्या एका वर्षाचं शेपूट पोरगी कॉलेजात जाईपर्यंत लांबत गेलं. मधल्या काळात तो कारखानाच बंद पडला. पोरं हाताखालून निघून गेली, “आई, तुला नाय कळत त्यातलं,” म्हणायला लागली, आणि चाळिशी उलटलेल्या सरूबाईला दुपारी घर खायला उठू लागलं.

दारात एक जुनी व्हॅन होती. काकासाहेबानं गावाकडं जाण्यायेण्यासाठी घेतलेली. तो स्वतः वाळूजच्या एका कंपनीत कामाला, कंपनीच्या बसनं जायचा. व्हॅन धूळ खात उभी. सरूबाई मोटार शिकायला जाऊ लागली तेव्हा तो हसला, पण पहिल्या दिवशी शिकवणीला नेऊन त्यानंच बसवलं. गाडी स्वतःच्या हातानं पहिल्यांदा चौक ओलांडून गेली तेव्हा तिला जे वाटलं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. जन्मभर कोणाच्या तरी मागं बसून गेलो, आता नेणारी आपण, असं काहीतरी ते होतं. पुढं तिनं प्रवासी गाडी चालवायचा परवानाही काढला. काकासाहेब म्हणाला, “कर बाई, तुला हौस हाय तर.” ही ‘हौस’ तिला तेव्हाच खटकायला हवी होती.

तर हात चांगला, परवाना हातात, आणि तरी नाही. मग खोट कशात निघाली? आयुष्यातली चांगली वर्षं जिनं दुसऱ्याच्या मालातली खोट काढली, तिला आता स्वतःतली खोट कोणी सांगेना. तिला रडू आलं नाही, संताप आला. कोणीतरी आपल्याबद्दल वाईट बोललंय, आणि ते कोण हे कळल्याशिवाय घास गिळायचा नाही, असं तिनं ठरवलं.

पुतळाबाई दारात मेथी निवडत बसली होती.

“आपल्या गल्लीत कोणी माणूस येऊन गेला का?” सरूबाईनं विचारलं.

“रविवारी आला होता की. तू पोराला घेऊन बाजारात गेली होतीस. मी म्हणलं, आता बोलावशील पेढे द्यायला.”

“कसले पेढे?”

“पोरीच्या सोयरिकीचे. पुंजाराम मामा आला होता. फुलंब्रीकडचा. माझ्या चुलतबहिणीची सोयरीक त्यानंच जुळवलेली, मी लांबूनच ओळखला. धोतर, पांढरी टोपी, बोलणं लोण्यासारखं.”

“काय विचारत होता?”

“तुझंच विचारत होता. बाई कशी, कुठं येती-जाती, बोलायला कशी. आता खाण तशी माती. पोरगी बघायची तर आधी आईच बघतेत लोक.”

सरूबाईचे डोळे बारीक झाले. “मग तू काय सांगितलंस?”

पुतळाबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि पदर सावरून, जणू पुंजारामच पुढ्यात बसलाय अशा थाटात सांगितलं, “मी म्हणलं, लाखात एक बाई. उंबऱ्याबाहेर पाय नाय. दिवेलागणीनंतर हिला रस्त्यावर कोणी बघितलं नाय. तोंडातून वर शब्द नाय.”

“आणि आपण पाण्यावरून भांडतो ते?”

“ते सांगायचं असतं व्हय? आपली भांडणं आपल्यापाशी. सोयरिकीत काडी घालू नये, पाप लागतं.”

एवढी स्तुती ऐकून सरूबाईचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. गोगलगाय अन् पोटात पाय, ती मनात म्हणाली. ही आणि आपल्याबद्दल इतकं गोड? नक्की काहीतरी झाकतेय. पण उठता उठता पुतळाबाईनं आणखी एक खडा टाकला. “माझ्यानंतर तो तुमच्या म्हातारीजवळ बसला. मग काकासाहेबाबरोबर टपरीवर चहा घेतला, लई वेळ.”

म्हणजे संशयाला आता दोन पाय फुटले, आणि दोन्ही तिच्याच घरात शिरले.

सासू भागूबाई ओट्यावर वाती वळत होती. सुनेला पाण्यात बघणाऱ्या सासवा गल्लीत पुष्कळ होत्या, पण भागूबाईचं वेगळं होतं. तिला चोरून काही करता येत नसे. सकाळी चहात साखर कमी पडली की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मुकुंदवाडीला कळायचं.

“आत्याबाई, रविवारी कोणी आलं होतं?”

“आलं होतं.”

“माझं विचारलं?”

“विचारलं. मी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“जे हाय ते.”

“म्हणजे काय?”

“तुला कशाला पाहिजे? तुझ्या तोंडावर रोज सांगती तेच सांगितलं.” आणि म्हातारीनं पुढची वात वळायला घेतली.

झालं. सरूबाईला वाटलं, चोर सापडला. रोज तोंडावर जे सांगते तेच जर या बाईनं परक्या माणसाला सांगितलं असेल, तर काम मिळायचं दूरच, पुंजाराम जाताना मागं वळूनसुद्धा बघायचा नाही. तिच्या मनात आलं, या म्हातारीचे पाय चेपण्यात, पथ्य सांभाळण्यात आपली वर्षं गेली, आणि शेवटी फळ हे.

संध्याकाळी काकासाहेब पाळीवरून आला तो हातात जिलेबीचा पुडा घेऊन. सण नाही, वाढदिवस नाही, पाव्हणा नाही. नवरा विनाकारण जिलेबी घेऊन आला की बाईनं सावध व्हावं, असं आमच्याकडच्या जुन्या बायका सांगायच्या, आणि त्या मूर्ख नव्हत्या.

“कारभारीनं नाय म्हणून सांगितलं,” ती म्हणाली.

“असं का?” त्यानं चप्पल काढायला बराच वेळ लावला. “जाऊ दे. त्याचंच नशीब फुटकं. तुझ्यासारखी घर सांभाळणारी बाई मिळायला पुण्याई लागती.”

“पुंजाराम म्हणून कोणी माणूस येऊन गेला. तुम्हाला भेटला का?”

“कोण पुंजाराम? मला नाय कोणी भेटलं.”

सरूबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सासू भेटले म्हणते, भांडल्यासारखी म्हणते, पण म्हणते. हा टपरीवर लई वेळ चहा पिऊन भेटलोच नाही म्हणतो. मघापासून जिच्यावर राग धरला होता ती म्हातारी उगीचच डोळ्यापुढं आली, तिला तिनं बाजूला सारलं. जिलेबी पोरांनी खाल्ली. तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी घरातलं आवरून, कोणाला न सांगता, ती वाळूजला गेली. कारभारीच्या गाड्या एका पत्र्याच्या शेडपुढं रांगेत उभ्या होत्या आणि शेडमध्ये खुर्चीवर पांढरी टोपी घालून पुंजाराम बसला होता. तो कारभारीचा मामा. जन्मभर गावोगाव सोयरिकी जुळवल्या, आता पोरंपोरी मोबाईलवरच जुळवून घ्यायला लागल्यावर भाच्यानं त्याला हे चौकशीचं काम दिलं होतं. माणूस पारखायची त्याची एकच रीत होती, आणि ती त्यानं इथंही चालवली.

“मामा, मी सरूबाई. मुकुंदवाडीची.”

म्हातारा गडबडला. त्यानं तिला खुर्ची दिली. “बाई, राग धरू नका. तुमच्याबद्दल वाईट एकानंही सांगितलं नाय. उलट मी आजवर एवढ्या बायकांची चौकशी केली, एवढी तारीफ कोणाची ऐकली नाय.”

“मग?”

“मग काय? उंबऱ्याबाहेर पाय नाय, अंधार पडल्यावर बाहेर नाय, वर तोंड करून बोलणं नाय. अशा बाईला मी पाळी सुटायच्या वेळी बीड बायपासला पाठवू? गेटवरचा शिपाई दटावंल, एखादा दारुडा आडवा येईल, तुम्ही काय करणार?”

सरूबाईला हसू आलं, कडू हसू. पुतळाबाई खरंच गोड बोलली होती. सोयरिकीत काडी घालू नये म्हणून बिचारीनं होती नव्हती ती सगळी साखर ओतली, आणि त्या साखरेनंच घात केला.

“मामा, तुम्ही कशाला आलात हे लोकांना सांगितलंच नाय.”

“मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कधी सांगत नसतो. सांगितलं की लोक सोंगं घेतेत. सासूबाईंनाही नाय सांगितलं.” पुंजारामनं टोपी सारखी केली. “घरधन्याला मात्र सांगावं लागतं. तुमच्या मालकाला मी साफ बोललो, गाडीसाठी आलोय, कारभारीनं पाठवलंय.”

सरूबाई खुर्चीत पुढं सरकली. “मग ते काय बोलले?”

“चांगलंच बोलले की.” आता म्हाताऱ्यालाही कुठंतरी चुकल्यासारखं वाटत असावं, कारण तो हळू बोलायला लागला. “म्हणाले, लई गरीब स्वभावाची बाई हाय मामा. दिवस मावळला की तिला बाहेर भ्या वाटतं. कोणी मोठ्यानं बोललं तर हातपाय गार पडतेत. मी नको म्हणत नाय, तुम्ही म्हणाल तर पाठवतो, पण ती तोंडानं ‘नाय’ म्हणायची नाय तुम्हाला, मनातून रडत येईल.”

तिच्या काळजाला घरं पडली. पुतळाबाई चुकून बोलली, हा जाणून बोलला. शब्द दोघांचे तेच. शिवी दिली असती, बदनामी केली असती, तर तिनं भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण ज्यानं तिची वाट बंद केली, त्यानं एकही वाईट शब्द वापरला नव्हता. कौतुकाशी भांडायचं कसं?

“आणि आत्याबाई?” तिनं विचारलं, कारण आता सगळंच ऐकून घ्यायचं होतं.

“सासूचं बोलणं मी धरत नसतो. सासू सुनेबद्दल बरं बोलली तरी खोटं, वाईट बोलली तरी खोटं. जन्माचा अनुभव हाय.”

“तरी सांगा.”

“म्हणाल्या, ही कोणाच्या बापाला भीत नाय. घरात हिचा पाय ठरत नाय. एक बोललं तर दोन ऐकवती.”

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही सोयरीक बघायला आला होता का डायवर?”

पुंजारामनं टोपी काढली, टाळूवरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. बाहेर एक गाडी सुरू करून कोणीतरी बंद केली. “अजून एक गाडी उभी हाय,” तो शेवटी म्हणाला. “पण कारभारी घरच्या शब्दाशिवाय द्यायचा नाय.”

“मग रविवारी परत या. या वेळी दारातच सांगा, कशाला आलाय. सगळ्यांसमोर विचारा.”

घरी येऊन तिनं भाकरी टाकल्या, नेहमीसारख्या. काकासाहेब जेवून हात धुवायला उठला तेव्हा ती म्हणाली, “पुंजाराम मामाला भेटून आले मी.”

तो हात धूतच राहिला. मग म्हणाला, “मी वाईट काय बोललो?”

“एक शब्द नाय बोललात.”

“मग?”

“मला अंधाराचं भ्या कधी वाटलं? पोराचा श्वास कोंडला तेव्हा तुम्ही रात्रपाळीला होता. त्याला उचलून दवाखान्यात कोण घेऊन पळालं?”

तो खाली बसला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, शरम होती, आणि ती नेमकी कशाची हे तिला त्याच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं. “उद्या पोरीच्या सोयरिकीला लोक येतील. आई काय करती म्हणतील. मी काय सांगू, डायवर हाय? आणि ते सोड. माझ्याच कंपनीच्या गेटवर तू गाडी घेऊन उभी राहणार. माझ्याबरोबरची माणसं रोज बघणार. म्हणतील, काकासाहेबाची बायको.”

“व्हय, म्हणतील,” ती म्हणाली. “मग तोंडावर नाय म्हणायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, पण माझ्याशी बोललात असं तरी झालं असतं.”

पुढचे दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. काकासाहेब काही मनावर घेईल, की रविवारी पुंजाराम येण्याआधीच कुठंतरी निघून जाईल, की आणखी गोड काहीतरी बोलून ठेवील, याचा तिला अंदाज येईना. ज्या माणसाच्या खोकल्यावरूनही त्याच्या मनातलं ओळखता यायचं, त्याच्याकडं ती आता परक्यासारखी बघत होती.

रविवारी पुंजाराम आला. दारातच उभा राहून खणखणीत म्हणाला, “वाळूजच्या कारभारीकडून आलोय. सरूबाईला बायकांच्या गाडीवर घ्यायचं का, ते विचारायला.”

भिंतीपलीकडं पुतळाबाईचं डोकं वर आलं. “म्हणजे सोयरीक नव्हती?” ती म्हणाली आणि कपाळावर हात मारून तिथंच उभी राहिली.

भागूबाई ओट्यावर होती. तिनं पुंजारामला जवळ बसवून घेतलं. “नीट सांगा. मागल्या टायमाला मी जे बोलले, त्यानं हिला काम मिळालं असतं?”

“धरलं असतं तर मिळालं असतं, आजी. मीच धरलं नाय.”

“मग आता धरा,” म्हातारी म्हणाली, आणि तिनं सुरू केलं. ती बोलायला बसली की गल्ली थांबायची, तशी आजही थांबली. “ही बाई भ्याड असती तर मी सुखी झाले असते. मला डोळ्याच्या दवाखान्यात नेत होती, जालना रोडवर एक ट्रकवाला अंगावर आला, तर हिनं गाडी त्याच्या पुढं नेऊन आडवी लावली आणि खाली उतरून त्याला असं बोलली की मला माझं दुखणं आठवंना. तो पोऱ्या हात जोडून गेला. घरात बघाल तर पोरांवर आवाज, माझ्यावर आवाज. ही पुतळी सांगंल, पाण्यावरून हिच्यापुढं कोणी टिकतं का.”

“नाय टिकत,” पुतळाबाई भिंतीवरून मनापासून म्हणाली.

“आणि हा माझा लेक. याला वाटतं, ही याच्या शब्दात हाय. आजवर हिनं याचं ऐकलं ते हिच्या मनात होतं म्हणून. ज्या दिवशी मनात नसंल त्या दिवशी बघा.” म्हातारीनं श्वास घेतला. “मला ही आवडती असं मी म्हणणार नाय. पण खोटं का बोलू?”

सरूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सासूनं आजवर तिचे एवढे वाभाडे काढले होते, पण त्यातला एकेक शब्द अंगाला इतका बरोबर बसलेला तिनं कधी ऐकला नव्हता. या घरात आपल्याला नीट बघितलेलं एकच माणूस आहे, आणि ते हे, असं तिच्या मनात आलं.

पुंजाराम काकासाहेबाकडं वळला. “आता तुमचं काय म्हणणं?”

काकासाहेबानं आईकडं बघितलं, भिंतीवरच्या पुतळाबाईकडं बघितलं. बायकोकडं बघायला त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. नाही म्हणणं सोपं होतं. पण आई आत्ताच बोलून गेली होती, आणि बायको त्याच्याकडं अशी बघत होती की आज नाही म्हटलं तर नाही म्हणणारा तो एकटाच उरेल.

“आई म्हणती ते खरं हाय,” तो म्हणाला.

सोमवारपासून सरूबाई गाडीवर जाऊ लागली. काकासाहेबाच्या कंपनीच्या गेटवर सुरुवातीला तो तिच्या गाडीकडं न बघता बसमध्ये चढायचा. नंतर बघायला लागला. पुढं तर बरोबरच्या माणसांना स्वतःहून सांगू लागला, ती माझी मंडळी, हिच्यासारखा हात कोणाचा नाय. पोरीला स्थळंही आली, आणि आई गाडी चालवते म्हणून एकही परत गेलं नाही. घरात पुन्हा पहिल्यासारखं बोलणं-चालणं सुरू झालं.

पाव्हणेरावळे बसलेले असले, आणि काकासाहेबानं चारचौघांत तिचं कौतुक सुरू केलं, की सरूबाई अजून हातातलं काम थांबवते. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती त्याच्या तोंडाकडं बघत राहते, आणि मगच आत चहा टाकायला जाते.